रुसव्याची वारसनोंद

नुकसान माणूस विसरतो. ते होताना कोण पाहत होते, हे विसरत नाही.

शिरूर आणि दौंडकडच्या लग्नांत मंगलाष्टकांआधी माइकवर एक यादी वाचली जाते. आमदार, माजी आमदार, साखर कारखान्याचे संचालक, बाजार समितीचे सभापती, सोसायटीचे चेअरमन, सरपंच, माजी सरपंच. प्रत्येकाचे नाव, प्रत्येकाचे गाव. मुहूर्त टळतो, यादी टळत नाही. ज्यांचे नाव त्या यादीत असण्याचा संभव नाही, ती माणसे आपसांत बोलत असतात आणि पंगतीकडे डोळे लावून असतात. ज्यांचे नाव अजून यायचे आहे, ती ऐकत नसल्याचा चेहरा करून एकेक अक्षर ऐकतात.

नाव राहिलेला माणूस भांडत नाही. तो अक्षता टाकतो, चार जणांना नमस्कार करतो आणि न जेवता निघतो. 'शेतावर माणसं लावलीत' एवढेच म्हणतो. शेतावर माणसे नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक असते. ठाऊक असावे म्हणूनच तो तसे म्हणतो.

न जेवता गेलेला पाहुणा त्या घरात वर्षानुवर्षे बसून राहतो.

अपमान करणाऱ्याला बहुधा त्याचा पत्ता नसतो. माइकवाल्याला चिठ्ठी पोचलेली नसते, इतकेच घडलेले असते. पण झालेली चूक साधी होती, हे मानण्यासारखा दुसरा अपमान नाही. आपल्याला मुद्दाम वगळले, यात निदान आपले महत्त्व शिल्लक राहते. आपण नुसतेच विसरले गेलो, यात काहीच राहत नाही. म्हणून दुखावलेला माणूस आधी हेतू शोधतो, आणि तो हमखास सापडतो.

शिवी त्या मानाने सुसह्य असते. शिवी देणाऱ्याने दखल घेतलेली असते.

मांडवाच्या कडेला फेटे बांधणारा उभा असतो. समोर एक खुर्ची. एकेक जण येऊन बसतो, मान ताठ धरतो, कापडाचे वेढे बसू लागतात, तुरा निघतो, शेव पाठीवर सुटते. दुपारकडे कापड संपत येते. मग उरलेल्यांना टॉवेल-टोपी. टोपी मिळालेला चुलता ती डोक्यावर घालत नाही. तो तिची घडी करतो, खिशात ठेवतो आणि खिशावर हात ठेवून उभा राहतो. फेट्याच्या आणि टोपीच्या किमतीतला फरक चहापाण्याइतका. त्या खिशावरच्या हाताने पुढे काय केले, ते मी पाहिले आहे. त्याचा तपशील इथे नको.

मान हा पूर्वी कागदावर असे. पाटीलकी दोन घरांत वाटली गेली किंवा तिचा हिस्सा विकला गेला, की पेशवाईत त्याचे कागद होत, आणि त्या कागदांत जमिनीबरोबर मानही लिहिला जाई. विडा आधी कोणाला. टिळा आधी कोणाला. होळीला पहिली पोळी कोणाची. पोळ्याला कोणाचे बैल पुढे. आज ते कागद वाचताना हसू येते. लिहिणाऱ्यांना हसू येत नव्हते. या गोष्टी लिहून ठेवल्या नाहीत तर माणसे मरतील, हा त्यांचा अनुभव होता.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला, तेव्हा ही वतने चालू होती. पाटीलकी १९६२च्या कायद्याने गेली. पोळ्याचा पुढचा बैल त्या कायद्याच्या नजरेतून सुटला. पुष्कळ गावांत तो अजून पुढे चालतो.

लिहिलेल्या मानाचा एक फायदा होता. भांडण कशाचे आहे, हे दोन्ही बाजूंना माहीत असे. आताचा मान कुठेच लिहिलेला नाही. प्रत्येकाच्या मनात त्याची एक प्रत आहे, आणि कोणत्याही दोन प्रती जुळत नाहीत.

शिरूर तालुक्यात करडे नावाचे गाव आहे. डिसेंबर १८७४ मध्ये तिथे काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर कोर्टाचा हुकूमनामा मिळवला. रक्कम दीडशे रुपये. हुकूमनाम्याच्या जोरावर सावकार देशमुखांचे घर पाडू लागला.

मुलूख त्याआधीच बुडत होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, इथल्या कापसाला भाव आला, कर्ज मागेल त्याला मिळाले. युद्ध संपले, भाव पडले, कर्ज राहिले. १८६७ पासून इंदापुरापासून सुरुवात करून सरकारने सारा वाढवला. घरटी एक कर्जखत सावकाराच्या पेटीत होते. इतिहासकार ही कारणे देतात, आणि ती खरी आहेत. त्या कारणांनी गावे कर्जात गेली. पण गाव उठले ते देशमुखांचे घर पडू लागल्यावर. व्याज अंधारात वाढते. घर उजेडात पडते.

गावाने आधी हात उगारला नाही. सावकाराच्या दुकानातून जिन्नस घ्यायचा नाही. त्याच्या शेतात राबायचे नाही. न्हाव्याने त्याची हजामत करायची नाही, परिटाने कपडे धुवायचे नाहीत, त्याच्या घरी पाणी भरायचे नाही. अख्खे गाव रुसून बसले. हे लोण शेजारच्या गावांत गेले. इंदापूर तालुक्यातल्या कळस गावाने तर तसे संमतिपत्रच लिहिले.

आयर्लंडच्या मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नावाच्या एका जमीनदाराच्या कारभाऱ्याला कुळांनी असेच वाळीत टाकले, ते १८८० साली. जगाने या हत्याराला त्याचे नाव दिले. करडे सहा वर्षांनी पुढे होते. त्याबद्दल त्याला कोणी मान दिला नाही, आणि करडे त्यावरून रुसल्याचे ऐकिवात नाही.

१२ मे १८७५ रोजी सुप्याचा बाजार होता. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते; दौंडही त्याच तालुक्यात. त्या दिवशी तिथे दुकाने फुटली आणि खते जळली. मग पुणे आणि नगर जिल्ह्यांतली गावे एकामागून एक पेटत गेली, त्यांत शिरूर तालुक्यातली पुष्कळ. जमाव कागद मागत होता. जिथे खते हाती दिली, तिथे बहुधा तेवढ्यावर भागले. माणसांच्या अंगाला फार थोड्या ठिकाणी हात लागला. रागाला आंधळा म्हणण्याची रीत आहे. या जमावातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते. त्यांच्या रागाला कागद बरोबर ओळखता येत होता.

सरकारने ९५१ माणसे धरली. ५०१ जणांना शिक्षा झाली. मग आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल आला, आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा झाला. दुखावलेल्या अभिमानातून कायदा निघाल्याची उदाहरणे थोडी. हे त्यांतले एक.

तरी या कथेला एक दुसरी बाजू आहे, आणि ती कोणी फारशी मांडत नाही. देशमुखांच्या आधी किती कुणब्यांची घरे गेली असतील, त्यांची नावे कोणत्याही अहवालाच्या पहिल्या पानावर नाहीत. त्यांच्यासाठी गाव उठले नाही. मानही जमिनीसारखाच कमी-जास्त वाटलेला असतो. मोठ्याच्या घराची कौले उतरली की सगळ्यांना आपलाच अपमान झाल्यासारखे वाटते. लहानाचे घर गेले की वाईट वाटते. वाईट वाटणे आणि अपमान वाटणे यांत अंतर आहे. वाईट वाटलेला माणूस सकाळी कामाला जातो.

आणि काळूराम? हुकूमनामा त्याच्या हाती होता. घर ताब्यात घेऊन कुलूप लावता आले असते, भाड्याने देता आले असते. दीडशे रुपयांच्या वसुलीसाठी घर पाडावे लागत नाही. पाडण्यात दुसरेच काही वसूल होत असते. कदाचित त्या ओट्याखाली उभे राहून त्याने कधीकाळी फार वेळ वाट पाहिली असेल. अहवालांना अशा गोष्टी कळत नाहीत. माणसे मात्र त्यांच्यावरच चालतात.

शिरूरच्या छावणीतून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कंपनीच्या फौजेची एक तुकडी पुण्याकडे निघाली. दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमाला पेशव्यांच्या फौजेशी तिची लढाई झाली. नदीपलीकडे, पेरण्याच्या हद्दीत, तिचा स्तंभ आहे. त्यावर लढाईत पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत, आणि त्यांत महार शिपायांची नावे आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले. तेव्हापासून माणसे येत राहिली. आता दरवर्षी लाखांनी येतात. लढाई कोणी कोणासाठी लढली, यावर वाद घालणाऱ्यांना ती गर्दी उमगत नाही. पिढ्यान्पिढ्या ज्यांचे नाव कोणत्याही यादीत वाचले गेले नाही, त्यांना दगडावर ते सापडले. माइकवरच्या एका चुकीने वर्षभर धुमसणाऱ्यांना हे समजायला हवे होते. त्यांनाच ते सर्वांत उशिरा समजते.

ज्याला रोज अपमान सोसावा लागतो, त्याला रुसता येत नाही. रुसण्यासाठी आधी जागा लागते. जिथून उठून जायचे, तिथे बसण्याचा हक्क असावा लागतो.

हीच गोष्ट घरात. लग्नात विहीण रुसते, तेव्हा तिच्यासाठी माणसे धावतात. साडी बदलून आणतात, पायांवर पाणी घालतात. तो रुसवा रीतीत बसतो. सून रुसली तर तिला नखरे म्हणतात. पुढाऱ्याचे तेच वागणे नाराजी ठरते, श्रीमंताचे स्वाभिमान, मजुराचे माज, आणि देवाचे असेल तर कोप. कृती एकच असते: तोंड फिरवून बसणे. तिची प्रतवारी बसणाऱ्याच्या खुर्चीवरून होते.

आग्र्याच्या दरबारात मे १६६६ मध्ये शिवाजी महाराजांना मागच्या रांगेत उभे केले गेले. महाराजांनी भर दरबारात बादशहाकडे पाठ फिरवली. तो संताप मराठी मुलूख साडेतीनशे वर्षे अभिमानाने सांगत आला आहे. त्यानंतरचे तीन महिने मात्र तो घाईने सांगतो: नजरकैद, अर्जविनंत्या, बरोबरच्या माणसांना आधीच परत लावून देणे, दुखण्याचे सोंग, मिठाईचे पेटारे. नजरकैद संतापामागून आली. सुटका तो गिळल्यावर झाली. शिकायचे ते या तीन महिन्यांत होते. पोवाड्याला सोयीचा पहिला दिवस होता.

दौंड तालुक्यात केडगाव आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढे ते पुण्यात आणले. १८९३ मध्ये पुणे दुखावले. पालकांनी मुली काढून नेल्या, वर्तमानपत्रे उठली. रमाबाईंनी केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे केले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या. तिथे विहिरी खोदल्या, छापखाना चालवला, बायकांनी खिळे जुळवले, आणि मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबल मराठीत आले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या केडगावातच गेल्या.

अपमान त्यांना लागला नाही, असे कोणी म्हणू नये. पण रुसायला वेळ लागतो. ज्यांच्या पंगतीला शेकडो मुली बसायच्या असतात, त्यांच्याजवळ तो नसतो. पुण्याजवळ होता.

रुसलेल्या माणसाला काय हवे असते, हे त्याला पक्के माहीत असते. ते मागता येत नाही, हीच त्याची कोंडी. मला समजवा, असे म्हणता येत नाही. म्हटले की समजवण्याची किंमत संपते. म्हणून तो दार लावून घेतो आणि आतून पावलांचा कानोसा घेतो. पावले आली तर लगेच दार उघडता येत नाही. आली नाहीत तर उघडायला कारणच उरत नाही. आयुष्यातली पुष्कळ वर्षे माणसे या दाराच्या दोन्ही बाजूंना घालवतात. मला असे एक दार ठाऊक आहे. त्याला बाहेरून कडी नव्हती आणि आतूनही नव्हती.

मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाड्यांचे इंजिन पूर्वी दौंडला सोडवावे लागे. ते फिरवून गाडीच्या दुसऱ्या टोकाला जोडीत, आणि जी बाजू मागची होती ती पुढची होई. यात वेळ जाई. प्रवासी उतरून चहा घेत. कोणी घाई करत नसे, कारण घाई करून उपयोग नव्हता. रुसलेला माणूस परत फिरतो तेव्हा त्यालाही तेवढा वेळ द्यावा लागतो. समजवणारे बहुधा चहा अर्धा टाकून उठतात.

निवडणुकीच्या दिवसांत हे सगळे उघड्यावर घडते. उमेदवारी हुकलेला पुढारी 'नॉट रिचेबल' होतो. फोन बंद असतो, पण तो कोणी कोणी लावला, याची नोंद नंतर काळजीपूर्वक पाहिली जाते. दुसऱ्या दिवशी पक्षाचा कोणी मोठा माणूस घरी येतो. आतल्या खोलीत बैठक होते, पोहे येतात, बाहेर पडताना दोघांच्या खांद्यांवर दोघांचे हात असतात. नाराजी दूर झाली, असे छापून येते. पद मिळालेले नसते. मोठा माणूस घरी आला, आणि तो येताना गल्लीने पाहिला, एवढे मिळालेले असते. पुष्कळदा तेवढेच हवे होते. राजकारण करणाऱ्यांना माणसे कळतात, असे आपण म्हणतो, ते याच अर्थाने खरे आहे. घरातल्या माणसांना हे सुचत नाही. सुचले तरी अंगणापर्यंत जाववत नाही.

घोड आणि भीमेच्या घाटांवर सकाळच्या वेळी दहावे चालतात. मुंडण होते, पिंड होतात, प्रवचन होते, मग श्रद्धांजल्या. श्रद्धांजलीलाही क्रम असतो, आणि त्या क्रमावरूनही माणसे दुखावतात. माइक तोच असतो, यादीही बरीचशी तीच.

पिंड मांडून सगळे मागे सरतात. नैवेद्यात गेलेल्याच्या आवडीचे काहीतरी असते, कधी चहाचा कपही. कावळा येतो. बाभळीवर बसतो. मान वाकडी करून पाहतो आणि शिवत नाही. थोडा वेळ कोणी बोलत नाही. मग कुजबुज सुरू होते. मुलगा पुढे होऊन हात जोडतो: 'धाकट्याला अंतर देणार नाही.' कावळा हलत नाही. 'बहिणींची दिवाळी चुकू देणार नाही.' कावळा फांदी बदलतो. मग कोणीतरी वडीलधारा म्हणतो, तात्यांना पुढं बोलवा. तात्या म्हणजे गेलेल्याचा सख्खा भाऊ. तो गर्दीच्या कडेला, उपरणे डोक्यावर घेऊन उभा असतो. दोघा भावांचे बोलणे नव्हते, हे घाटावरच्या प्रत्येकाला माहीत असते. तो पुढे येतो. काय पुटपुटतो, ते ऐकू येत नाही.

गेलेला माणूस रुसला आहे, हे त्या सकाळी सगळे एकमुखाने मान्य करतात. तो जिवंत होता तोवर त्याचा रुसवा मान्य करायला कोणी तयार नव्हते. तेव्हा तो हेकट होता, विक्षिप्त होता, त्याचे वय झाले होते. मेल्यावर त्याला एकदम इच्छा फुटतात. मेलेल्यापुढे हात जोडण्यात कमीपणा नाही. जिवंत भावापुढे जोडले असते तर तो म्हणाला असता, आला शेवटी. हे दोन शब्द तो म्हणेल या भयाने माणसे एकेक तप गप्प राहतात. बहुधा तो म्हणालाही नसता.

कावळा शेवटी शिवतो. न शिवला तर दर्भाचा कावळा करून भागवतात. शास्त्राने तशी सोय ठेवलेली आहे. शास्त्राला माणसांची घाई माहीत होती.

तुकोबांची पालखी दौंड तालुक्यातून जाते. यवतला मुक्काम, वरवंडला मुक्काम. ज्या देवाकडे ती जाते, तो लोककथेप्रमाणे रुसून निघून गेलेल्या रुक्मिणीला शोधत भीमेकाठी आला. रुक्मिणी दिंडीरवनात सापडली. तिची समजूत निघाली की नाही, हे कथा नीट सांगत नाही. देवाला वाटेत पुंडलिक भेटला आणि तो विटेवर उभा राहिला. पंढरपुरात रुक्मिणीचे देऊळ विठ्ठलाच्या मागे आहे: आवार एक, गाभारे दोन. हा तोडगा कोणाला सुचला कोण जाणे. पुष्कळ मराठी संसार त्याच्यावर उभे आहेत.

जमिनीची वारसनोंद करायची तर तलाठ्याकडे अर्ज द्यावा लागतो. मृत्यूचा दाखला लागतो, वारसांची नावे लागतात, नोटीस निघते, हरकतींसाठी मुदत असते. अबोल्याला यातले काही लागत नाही. बाप गेला की तो आपोआप मुलाच्या नावे लागतो, आणि त्यावर हरकत घेणारा कोणी नसतो. मुलाला कारण अर्धे माहीत असते. नातवाला तेवढेही नसते. नातवंडे एकाच एसटीने एकाच शाळेत जातात आणि एकमेकांकडे न पाहता उतरतात. विचारले तर सांगतात, आमचं त्यांचं नाही.

कारण विसरले गेले की अबोला पक्का होतो. कारण असते तोवर ते दूर करता येते.

बांधाची भांडणे वरून जमिनीची दिसतात. हातभर जमीन इकडची तिकडे जाते, नांगराचा फाळ दरवर्षी थोडा सरकतो. त्या हातभर जमिनीत येणाऱ्या उसाचे पैसे आणि तिच्यासाठी शिरूरच्या आणि दौंडच्या कोर्टांत घातलेले पैसे यांची बेरीज-वजाबाकी कोणताही शेतकरी तोंडी करू शकतो. तो ती करतो. उत्तर त्याला माहीत असते. तरी तारखेला जातो, कारण समोरचाही आलेला असतो आणि त्याने आपल्याला न आलेले पाहू नये.

महाराष्ट्र सरकारने २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम काढली. प्रत्येक गावात समिती, समितीला अध्यक्ष, तंटे मिटवणाऱ्या गावांना बक्षीस. मोहीम वाईट नव्हती; हजारो भांडणे तिने गावातल्या गावात मिटवली. पुढे अध्यक्ष कोणी व्हायचे यावरून ग्रामसभांत तंटे होऊ लागले, त्याच्या बातम्या येऊन गेल्या. तंटा मिटवण्याचाही मान असतो, हे मोहीम आखणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे. किंवा आले असावे, आणि त्याला इलाज नाही हेही कळले असावे.

२०२३ च्या जानेवारीत सरकारने सलोखा योजना आणली. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात किमान बारा वर्षे असेल, तर दोघांनी अदलाबदल करून टाकावी. मुद्रांक शुल्क एक हजार रुपये, नोंदणी फी एक हजार रुपये. सह्या दोघांच्या लागतात.